गांजा सापडला तर: वजन, पंचनामा आणि पहिले चोवीस तास

मी पुण्यात शिवाजीनगर कोर्टात फौजदारी वकिली करते. एनडीपीएसची, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याची, जी प्रकरणं माझ्याकडे येतात, त्यांत मोठे तस्कर फार थोडे. कॉलेजची मुलं, आयटीतली पोरं, हॉटेलात काम करणारे, डिलिव्हरीवाले. कुणाच्या खिशात पुडी, कुणाच्या गाडीच्या डिकीत पिशवी. फोन येतो तो रात्री अकरानंतर, आणि बहुतेक वेळा आईचा. "मॅडम, पोलिस म्हणतात दहा वर्षं लागतील. खरं आहे का हो?"

त्या आईला मी पहिला प्रश्न एकच विचारते: वजन किती? मुलगा काय म्हणतो, मित्राचं नाव काय, कुणी अडकवलं, हे सगळं नंतर. गांजाच्या प्रकरणात मुलगा महिनाभरात मोकळा होणार की वर्षभर येरवड्यात राहणार, हे आधी वजन ठरवतं आणि मग ते वजन कागदावर कसं लिहिलंय ते. घरच्यांना हे वेळेवर कळावं म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे. तुमच्या प्रकरणाचे कागद वाचणारा वकील तुम्हाला लागेलच. पण त्याला काय विचारायचं, हे तुम्हाला आधी माहीत हवं.

शिक्षा किती, ते आधी नीट समजून घ्या

कायद्याचं पूर्ण नाव गुंगीकारक औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५. सगळे त्याला एनडीपीएस म्हणतात. एफआयआरमध्ये ‘कलम ८(क) सह २०(ब)’ असं दिसलं की समजायचं, आरोप गांजा किंवा चरस जवळ बाळगल्याचा आहे. त्यापुढे कंसात जे अक्षर असतं ते प्रमाणाचा गट सांगतं, आणि तिथेच सगळं अडलेलं असतं.

एक किलोपेक्षा कमी गांजा असेल तर कायद्याच्या भाषेत ते अल्प प्रमाण. शिक्षा एक वर्षापर्यंत सश्रम कारावास, किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. २०१४ च्या दुरुस्तीआधी ही शिक्षा सहा महिन्यांपर्यंत होती, म्हणून जुन्या पुस्तकांत आणि लेखांत अजून सहा महिनेच वाचायला मिळतात. वीस किलोच्या वर गेलं की व्यावसायिक प्रमाण: किमान दहा वर्षं, कमाल वीस, आणि एक ते दोन लाख दंड. न्यायाधीश कारणं नोंदवून दंड त्याहून वाढवूही शकतात. या दोन्हींच्या मधलं जे काही, त्याला दहा वर्षांपर्यंत कारावास आणि एक लाखापर्यंत दंड. इथे किमान शिक्षा नाही. म्हणजे ‘दहा वर्षं’ हे पोलिस ठाण्यात ऐकवलं जाणारं वाक्य अल्प प्रमाणात खरं नसतं, आणि मधल्या गटात खरं असतं ते फक्त वरची मर्यादा म्हणून.

इथे एक बारीक गोष्ट आहे. कायदा म्हणतो अल्प प्रमाण म्हणजे ठरवलेल्या प्रमाणाहून ‘कमी’. त्यामुळे काट्यावर बरोबर एक किलो भरला तर तो अल्प प्रमाणात बसत नाही, मधल्या गटात जातो. वरच्या टोकाला उलट: बरोबर वीस किलो म्हणजे अजून मधलाच गट, व्यावसायिक नाही.

चरसचे आकडे वेगळे आहेत आणि पोरं तिथे हमखास फसतात. चरस शंभर ग्रॅमच्या आत असेल तरच अल्प प्रमाण, आणि एक किलोच्या वर व्यावसायिक. कसोल-मनालीची ट्रिप करून येताना चौघांसाठी म्हणून एकाच्या सॅकमध्ये माल ठेवतात. चरस तोळ्यावर विकला जातो. तोळा ११.६६ ग्रॅमचा धरला तर नऊ तोळ्यांतच शंभरी ओलांडते. गांजा असता तर तेवढ्याच वजनाला मॅजिस्ट्रेटसमोरची केस झाली असती. इथे मात्र विशेष न्यायालय आणि दहा वर्षांपर्यंतची टांगती तलवार. सॅक ज्याच्या पाठीवर, गुन्हा आधी त्याच्यावर.

नुसतं ओढताना सापडले आणि जवळ काही नाही, तर कलम २७ लागतं. गांजा-चरससाठी सहा महिन्यांपर्यंत शिक्षा, किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

कुंडीत झाड लावणं सगळ्यांत वाईट. लागवडीला अल्प प्रमाण नावाची सवलतच नाही. गच्चीवर एक झाड असो किंवा सातपुड्याच्या पायथ्याशी शिरपूरकडे कापसाच्या ओळींत लपवलेलं अख्खं रान असो, दोन्ही कलम २०(अ) मध्ये येतात. दहा वर्षांपर्यंत शिक्षा, लाखापर्यंत दंड. न्यायाधीश शिक्षा देताना फरक करतील हे खरं, पण गुन्हा तोच नोंदला जातो आणि जामिनाचा अर्ज विशेष न्यायालयातच करावा लागतो. हौस म्हणून बी रुजवणाऱ्या मुलांना हे कुणी सांगत नाही.

आणि भांग? एनडीपीएसच्या व्याख्येत गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे किंवा फळं धरलेले शेंडे. शेंड्यांबरोबर नसलेली नुसती पानं आणि बिया त्यातून वगळल्या आहेत. म्हणून भांग या केंद्रीय कायद्याबाहेर राहते. पण महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा भांगेलाही लागू आहे आणि परवान्याशिवाय ती बाळगता येत नाही. गोव्याबद्दलही लोक ‘तिकडे चालतं’ म्हणतात. चालत नाही. कायदा केंद्राचा आहे, वजनाचे आकडे तिथेही हेच.

झडतीच्या वेळी

तुमच्या अंगाची झडती घेण्याआधी पोलिसांनी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे: राजपत्रित अधिकाऱ्यासमोर किंवा जवळच्या दंडाधिकाऱ्यासमोर झडती घ्यावी, अशी मागणी करण्याचा तुम्हाला हक्क आहे. हे कलम ५०. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१० मध्ये विजयसिंह जडेजा प्रकरणात सांगितलं की या हक्काची माहिती देणं सक्तीचं आहे, नुसता उपचार म्हणून उरकता येणार नाही. प्रत्यक्षात काय होतं? एक छापील कागद पुढे येतो. ‘मला माझ्या हक्काची जाणीव करून देण्यात आली, मला तशी झडती नको.’ खाली सही. घाबरलेला मुलगा न वाचता सही करतो. ती सही करायची सक्ती नाही. शांतपणे, वाद न घालता म्हणायचं: मला दंडाधिकाऱ्यांसमोर झडती हवी आहे. स्त्रीची झडती फक्त स्त्रीच घेऊ शकते, यात तडजोड नाही.

मात्र हे संरक्षण अंगझडतीपुरतंच आहे. पाठीवरची सॅक, गाडीची डिकी, कपाट यांना ते लागू नाही. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे पुन्हा स्पष्ट केलं. त्यामुळे माल बॅगेत सापडला असेल तर ‘कलम ५० पाळलं नाही’ एवढ्या एका मुद्द्यावर केस पडेल, अशी आशा कुणी दाखवली तर सावध राहा.

१ जुलै २०२४ पासून नवीन फौजदारी प्रक्रिया कायदा, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्या कलम १०५ नुसार झडती आणि जप्तीचं ऑडिओ-व्हिडिओ चित्रीकरण करायचं असतं. वकिलाला सांगून हे चित्रीकरण पहिल्याच तारखेला लेखी मागा. चित्रीकरण झालंच नसेल, किंवा मधूनच सुरू झालं असेल, तर तेही नोंदीवर येऊ द्या.

ठाण्यातली पहिली रात्र

अल्प प्रमाणाच्या किंवा सेवनाच्या प्रकरणात अटक झालीच पाहिजे असं नाही. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांत अटक का गरजेची होती, हे पोलिसांनी लेखी दाखवायचं असतं. नाहीतर संहितेच्या कलम ३५(३) ची नोटीस देऊन हजर राहायला सांगायचं असतं. नोटीस मिळाली तर ती जपून ठेवा आणि दिलेल्या तारखेला न चुकता जा. एक तारीख चुकवली की अटकेचं कारण आपणच हातात दिलं.

अटक झालीच, तर चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यांसमोर उभं करणं बंधनकारक आहे. घरच्यांना कळवणंही. अटकेची कारणं लेखी द्यावी लागतात, तीही आरोपीला समजेल अशा भाषेत. नोव्हेंबर २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे सगळ्याच गुन्ह्यांना लागू केलं, आणि लगेच देता आली नाहीत तर रिमांडच्या किमान दोन तास आधी तरी हातात पडली पाहिजेत, असं सांगितलं. बिहारहून आलेल्या वेटरला मराठीत टाइप केलेला कागद दिला, तर वकिलाने तिथेच उभं राहून बोललं पाहिजे. मी तसे मुद्दे रिमांडला घेतले आहेत आणि न्यायाधीश ते ऐकतात.

मुलाने काय बोलायचं? नाव, पत्ता, वय, आजार असेल तर तो, आणि घरच्यांचा नंबर. बाकी ‘वकिलांशी बोलल्यावर सांगतो.’ पोलिसांपुढची कबुली पुरावा म्हणून चालत नाही. तोफान सिंग प्रकरणात २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एनसीबीच्या, म्हणजे केंद्राच्या अमली पदार्थविरोधी यंत्रणेच्या, अधिकाऱ्यांनाही हेच लागू केलं. पण कबुलीतून पुढे जे धागे निघतात, ते चालतात. ‘सगळं खरं सांगून टाक, साहेब सोडतील’ असा सल्ला घरचेच देतात. देऊ नका.

याच रात्री कुणीतरी ‘ओळख आहे, मिटवून देतो’ म्हणत येतो. माझ्या एका अशिलाच्या वडिलांनी बायकोच्या पाटल्या मोडून अशा माणसाला पैसे दिले. तो माणूस परत दिसला नाही, आणि प्रकरण होतं चाळीस ग्रॅमचं, म्हणजे दुसऱ्या दिवशी जामीन होणारं. पैसे देऊ नका. कुणी सरकारी नोकर मागत असेल तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा नंबर १०६४ आहे. वकिलाला द्यायला पैसे नसतील तर कोठडीतल्या प्रत्येक माणसाला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. त्याची हेल्पलाइन १५१००.

पंचनामा वाचायला शिका

एफआयआरची प्रत मोफत मिळते. जप्ती पंचनामा रिमांडच्या कागदांत असतो आणि वकिलाला तो वाचता येतो. एक तास बाजूला काढून, पेन्सिल घेऊन वाचा. अशी वाक्यं असतात: ‘हिरवट काळपट रंगाचा, उग्र वास असलेला, ओलसर, पाने, बोंडे, बिया व काड्या मिश्रित गांजा सदृश पदार्थ, प्लास्टिक पिशवीसह वजन...’

या एका वाक्यात चार गोष्टी तपासायच्या आहेत.

पहिली, ‘पिशवीसह’. वजन निव्वळ मालाचं धरायचं असतं. माझ्याकडे एका विद्यार्थ्याचं प्रकरण आलं, त्यात कापडी पिशवी आणि आतली दोन प्लास्टिकची पाकिटं यांसकट १ किलो ६० ग्रॅम लिहिलं होतं. गुन्हा मधल्या गटात नोंदला गेला आणि मुलगा आत. पुढे कलम ५२-अ प्रमाणे दंडाधिकाऱ्यांसमोर मुद्देमालाची यादी झाली, तेव्हा निव्वळ माल ९४० ग्रॅम भरला. एकशेवीस ग्रॅमच्या पिशव्यांनी त्याला एक वर्षाच्या गटातून दहा वर्षांच्या गटात नेलं होतं. हे पंचनाम्यातच दिसत होतं. त्याच्या पहिल्या वकिलाने ते वाचलं नव्हतं.

दुसरी गोष्ट ‘ओलसर’. ओला माल वाळला की वजन उतरतं. सीमेवर असलेल्या आकड्यांत, म्हणजे एक किलोच्या किंवा वीस किलोच्या आसपास, हा मुद्दा मोठा होतो. वजन कधी, कुठल्या काट्यावर झालं आणि काटा कुणाचा होता, हे लिहिलेलं असतं. रस्त्याकडेच्या किराणा दुकानातून आणलेला काटा असेल तर त्या दुकानदाराचा जबाब आहे का, ते पाहा.

तिसरी, ‘पाने, बोंडे, बिया’. वर सांगितलेली व्याख्या इथे कामाला येते. नुसती पानं लिहिली आहेत आणि शेंड्यांचा उल्लेखच नाही, पण प्रयोगशाळेत गेलेल्या नमुन्यात मात्र फुलोरा आहे, असं झालं तर जप्त केलेला माल आणि तपासलेला माल एकच का, हा प्रश्न उभा राहतो. २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका मोठ्या जप्तीच्या प्रकरणात याच व्याख्येवर बोट ठेवून जामीन दिला होता. शेंड्यांबरोबर पानं आलेली असतील तर मात्र ती गांजातच मोजली जातात, हे ध्यानात ठेवा.

चौथी, नमुने कधी काढले. जागेवरच पुड्या बांधून लॅबला पाठवल्या, की दंडाधिकाऱ्यांसमोर काढल्या? मोहनलाल प्रकरणात २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दंडाधिकाऱ्यांसमोर नमुने काढण्याची पद्धत स्पष्ट केली, आणि डिसेंबर २०२२ मध्ये त्यासाठी स्वतंत्र नियमही आले. सीलवरचं अक्षर, मुद्देमाल रजिस्टरची नोंद आणि रासायनिक विश्लेषकाच्या अहवालातलं सीलचं वर्णन, हे तिन्ही शेजारी ठेवून जुळवा. कंटाळवाणं काम आहे. एनडीपीएसची बचावाची बाजू बहुतेक वेळा याच कामात उभी राहते.

खोली एक, मुलं चार

कोथरूड, वाकड, विमाननगरच्या फ्लॅटमध्ये चार मुलं राहतात, माल हॉलमधल्या टीपॉयखाली सापडतो, आणि चौघांवर गुन्हा. कायद्यात कलम ३५ आणि ५४ मुळे पारडं उलटं आहे: ताबा दाखवला गेला की तुम्हाला त्याची जाणीव होती, असं न्यायालय गृहीत धरतं, आणि तसं नव्हतं हे तुम्ही दाखवायचं. पण ताबा आधी सरकार पक्षाने दाखवायचा असतो. म्हणून कोणती खोली कुणाची, कपाटाची चावी कुणाकडे, भाडेकरार कुणाच्या नावावर, त्या दिवशी कोण गावाला गेलं होतं, त्याचं एसटीचं किंवा रेल्वेचं तिकीट, हे सगळं पहिल्या आठवड्यात गोळा करा. सोसायटीच्या सीसीटीव्हीचं चित्रीकरण फार दिवस टिकत नाही, त्यासाठी लगेच अर्ज द्या. आपली जागा अशा कामासाठी जाणूनबुजून वापरू देणाऱ्याला कलम २५ लागतं, आणि शिक्षा मूळ गुन्ह्याइतकीच. ज्याच्या नावावर फ्लॅट आहे त्या मुलाने हे आजच समजून घ्यावं.

याहून जास्त भीती मला मोबाइलची वाटते. पुडीचे सातशे रुपये गूगल पे केलेले असतात. विक्रेता महिन्याभराने ओडिशा-आंध्र सीमेवरून आलेल्या पोत्यांसह पकडला जातो. त्याच्या फोनमध्ये तुमचा नंबर, तुमचे पैसे, ‘भाई आज है क्या’ असा मेसेज. मग कलम २९, म्हणजे कटाचा आरोप, आणि तो लागला की विक्रेत्याच्या मालाचं वजन तुमच्या डोक्यावर. असं झालं तर वकिलाने पहिल्या दिवसापासून ग्राहक आणि भागीदार यांतला फरक कागदावर मांडत राहिलं पाहिजे: रकमा किती छोट्या, माल पुढे विकल्याची एक तरी खूण आहे का, घरात काटा किंवा रिकाम्या पुड्या सापडल्या का.

जामीन

मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२० मध्ये अभिनेत्री रिया चक्रवर्ती यांच्या जामीन अर्जावरच्या निकालात, जामीन देतानाच, एनडीपीएसचे सगळे गुन्हे अजामीनपात्र असल्याचं म्हटलं. म्हणजे महाराष्ट्रात चाळीस ग्रॅमसाठीही ठाण्यातूनच हक्काने सुटका होईल, असं धरून चालू नका. मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करावा लागतो. पण कलम ३७ च्या कडक अटी, म्हणजे ‘आरोपी दोषी नाही असं मानायला वाजवी कारण आहे आणि बाहेर आल्यावर तो पुन्हा गुन्हा करणार नाही’ याची न्यायालयाची खात्री पटणं, या व्यावसायिक प्रमाणाला आणि ठरावीक गंभीर कलमांनाच लागतात. अल्प प्रमाणात पहिल्याच गुन्ह्यात जामीन सहसा लवकर होतो. मधल्या गटात अर्ज विशेष न्यायालयात जातो, तिथे थोडा वेळ लागतो, पण अटी नेहमीच्याच.

घरच्यांनी आदल्या दिवशी तयार ठेवायचं: मुलाचं आधार, कॉलेजचं ओळखपत्र किंवा पगाराची स्लिप, राहत्या पत्त्याचा पुरावा, जामीनदाराचा सातबारा किंवा घरपट्टी आणि रेशनकार्ड. सॉल्व्हन्सी, म्हणजे जामीनदाराच्या ऐपतीचा दाखला, काढायला तहसीलमध्ये दिवस जातात, म्हणून अर्जातच रोख जामिनाची विनंती करायला सांगा. रोख भरून सुटायचं आणि जामीनदार द्यायला काही आठवड्यांची मुदत मागायची. शनिवारी दुपारी हे कागद जमवायला बसलात तर मुलगा सोमवारपर्यंत आतच राहतो.

तारखाही मोजा. अल्प प्रमाणात साठ दिवसांत दोषारोपपत्र आलं नाही, तर जामीन हा हक्क होतो. व्यावसायिक प्रमाणात ही मुदत १८० दिवस, आणि न्यायालय ती वर्षापर्यंत वाढवू शकतं. हक्क आपोआप मिळत नाही. मुदत संपल्यावर आणि दोषारोपपत्र दाखल होण्याआधी अर्ज पडला पाहिजे.

‘कबूल करा, दंड भरा, मोकळे व्हा’

मला सगळ्यांत जास्त जीव तोडून सांगायचं आहे ते हे. अल्प प्रमाणाचं किंवा सेवनाचं प्रकरण मॅजिस्ट्रेटसमोर पहिल्या तारखेला येतं. कॉरिडॉरमध्ये कुणीतरी म्हणतं, गुन्हा कबूल करा, दोन-पाच हजार दंड होईल, उद्यापासून कॉलेज. आईवडिलांना हायसं वाटतं. पण कबुलीवर दिलेला दंड म्हणजे दोषसिद्धी. ती पुसली जात नाही.

पुढे सरकारी नोकरीच्या फॉर्मवर ‘शिक्षा झाली आहे का’ या रकान्यात हो लिहावं लागतं. खाजगी कंपन्यांच्या पार्श्वभूमी तपासणीत ती दिसते. अमेरिकेच्या व्हिसाच्या डीएस-१६० अर्जात दोन वेगळे प्रश्न आहेत, एक अटक किंवा शिक्षेबद्दल, दुसरा अमली पदार्थांचा कायदा मोडल्याबद्दल. त्यांच्या इमिग्रेशन कायद्यात गुन्ह्याची नुसती कबुलीसुद्धा प्रवेश नाकारायला पुरते. ज्या मुलाचं एमएससाठी प्रवेशपत्र आलंय, त्याच्या हातून पाच हजारांत हे घडू देऊ नका.

कलम २० आणि २७ मधला एक फरक बऱ्याच वकिलांच्याही नजरेतून सुटतो. कलम ३३ मुळे प्रौढ आरोपीला परिवीक्षेचा, म्हणजे चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडण्याचा सर्वसाधारण कायदा एनडीपीएसमध्ये बहुतेक कलमांना मिळत नाही. कलम २७ ला मात्र मिळतो. त्यामुळे जॉइंटमध्ये, म्हणजे ओढायच्या सिगारेटीत, भरलेला एवढासा गांजा सापडला असेल, तर आरोप ताब्याचा लागतो की सेवनाचा, यावर आरोप ठेवण्याच्या टप्प्यालाच भांडलं पाहिजे.

खटला चालवला की वेळ जातो, तारखा पडतात, हे खरं. पासपोर्टला कोर्टाची परवानगी लागते, ती अर्ज करून मिळते. मी आईवडिलांना सांगते, दोन वर्षं तारखांना या, पण सही विचार करून करा.

सवय लागलेली असेल तर

कलम ६४-अ फार थोड्यांना माहीत आहे. ज्याला खरोखर व्यसन आहे आणि ज्याच्यावर सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप आहे, तो स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य रुग्णालयात किंवा केंद्रात उपचार घेत असेल, तर त्याच्यावर खटला चालवता येत नाही. अट एकच: उपचार पूर्ण करायचे. अर्धवट सोडले तर संरक्षण काढून घेता येतं.

आमच्याकडे येरवड्याचं मनोरुग्णालय आहे. १९८६ पासून काम करणारं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे. कुठेही दाखल करण्याआधी त्या केंद्राच्या मान्यतेचं पत्र मागून घ्या, कारण न्यायालय तेच पहिलं विचारतं. मग दाखल झाल्याची तारीख, समुपदेशनाच्या नोंदी, लघवी तपासणीचे अहवाल, डिस्चार्ज आणि नंतरच्या फॉलोअपची उपस्थिती, सगळं फाइलला लावा. केवळ केस वाचवायला कागदोपत्री दाखल झालेला मुलगा उलटतपासणीत टिकत नाही. आणि ज्याला खरी गरज आहे त्याच्यासाठी अटक ही उपचार सुरू करायची पहिली संधी ठरलेली मी पाहिली आहे. केस नसतानाही मदत हवी असेल तर व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ आहे.

मुलगा अठराच्या आतला असेल तर हे सगळं वेगळं. त्याला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही, प्रकरण बाल न्याय मंडळाकडे जातं, आणि अल्प प्रमाणासारख्या किरकोळ गुन्ह्यात एफआयआर न करता दैनंदिनीत नोंद घ्यायची असते. शाळा सोडल्याचा दाखला घेऊन रात्रीच ठाण्यात जा. सकाळपर्यंत थांबू नका.

परदेशातून येणाऱ्यांसाठी थोडक्यात. कॅलिफोर्नियात किंवा कॅनडात दुकानात बिल घेऊन विकत घेतलेली गमी, म्हणजे गांजाचा अंश असलेली गोळी, मुंबईच्या विमानतळावर उतरली की ती आयात ठरते, कलम २३. हिरा सिंग प्रकरणाच्या २०२० च्या निकालानंतर मिश्रणात नुसता अंमली अंश मोजला जात नाही, सगळ्या मिश्रणाचं वजन धरलं जातं. बँकॉकहून येणाऱ्या हायड्रोपोनिक, म्हणजे मातीविना वाढवलेल्या, गांजाच्या जप्त्या तर तुम्ही वर्तमानपत्रात वाचताच. ‘बॅग दुसऱ्याची होती, फक्त आणून द्यायची होती’ हे सांगणारी मुलं आज तुरुंगात आहेत.

केस संपल्यावर

निर्दोष सुटका झाली किंवा प्रकरण बंद झालं, तरी दोन कामं राहतात. निकालाच्या प्रमाणित प्रती त्याच आठवड्यात काढा, चार-पाच तरी. पासपोर्ट कार्यालय, नोकरीची पडताळणी, कॉलेज, सगळीकडे मूळ शिक्का लागतो, आणि वर्षांनंतर रेकॉर्ड रूममधून फाइल काढणं जिवावर येतं. दुसरं, जप्त झालेला फोन आणि गाडी. गाडीसाठी तर केस संपायची वाट पाहू नका. एनडीपीएसमध्ये गाडी खटला संपेपर्यंत सोडता येत नाही असं सर्रास सांगितलं जायचं. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तशी सरसकट बंदी नसल्याचं सांगितलं. आरसी बुक, विम्याचा कागद आणि गाडीच्या मालकाचं शपथपत्र जोडून संहितेच्या कलम ४९७ खाली अर्ज करा. गाडी वडिलांच्या किंवा मित्राच्या नावावर असेल तर अर्ज मालकाच्याच सहीने करावा लागतो.